दुसरं औषध

निपाणीहून सकाळची लाल बस.
पिशवीत डबी, डबीत कापूस,
गोळ्या वाजू नयेत म्हणून.
संकेश्वरला शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कुठं?
म्हटलं, डोळे तपासायला.
सहा वर्षं झाली, माझे डोळे तपासतायत.

बेळगावच्या सिव्हिलात डॉक्टर
मान वर न करता विचारतात,
'बेरे औषध तगोतीरा?'
'इल्ल री.'
कानडी मला बाजारापुरती येते :
वांगी, सुटे पैसे, बस किती वाजता.
आणि हे एक इल्ल.
खोटं बोलायला दुसऱ्याची भाषा बरी,
जिभेवर डाग राहत नाही.

डाग हिरड्यांवर राहिला.
चैत्रात आरशात बघितलं तर
दातांच्या मुळाशी निळसर रेघ,
पोरानं वहीत शिसपेन्सिलीनं ओढावी तशी.
मिश्री सोडून पाहिली महिनाभर.
रेघ तिथंच.
मग पोटात पीळ पडायला लागला, रात्री, दोनच्या सुमाराला.
भिंतीला पाठ लावून बसायची मी,
तंबाखूच्या वासात, सूप मांडीवर घेऊन, उगीच.
हजार विड्यांच्या सहाशे झाल्या.
मुकादम म्हणाला, आक्काताई, बोटं आखडली काय?

बोटांचंच सांगते.
वेदगंगेपल्याड, उसातल्या वाटेनं गेलं की
मलगोंडा अज्जाची खोली.
त्यानं हातमोजे न घालता माझा हात धरला.
तीन बोटं मनगटावर,
डोळे मिटून, कितीतरी वेळ.
बाहेर मोटार चालू होती पाण्याची, ती बंद पडली,
तरी हात तसाच.
नवरा गेल्यापासून
एवढा वेळ कुणी धरला नव्हता.
पुडी साडेचारशेला.
मला वाटतं, मी त्या तीन बोटांचेच देत होते.

राखाडी पूड, मधातून, गोळीच्या जोडीनं.
'त्या गोळ्यांची उष्णता मारंल ही,' म्हणाला.
गोळ्या सोड असं म्हणाला नाही.
हे त्याच्या बाजूनं सांगते,
कुणीतरी सांगायला हवं.

या खेपेला रझिया मुल्ला मॅडमनी
रिपोर्ट माझ्याकडं फिरवला.
जिथं काही दिसायचं नाही, तिथं अकरा हजार.
गोळी चुकली? नाही.
एक दिवस? एकही नाही.
त्यांनी रजिस्टर मिटलं, दार लोटलं,
आणि आमच्या गल्लीतल्यागत बोलल्या,
'आक्काताई, रागवत नाही मी. दुसरं काय घेतालीस?'

मराठीत विचारलं.
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि शब्द घशातच बसला.
पदराच्या गाठीतली पुडी काढून ठेवली टेबलावर.
त्यांनी वास घेतला. म्हणाल्या,
माझी अम्मीपण घ्यायची, गुडघ्यांना.
मग सांगितलं,
गोळी पोटात जाते, पण ही राख तिला उंबऱ्यातच धरून ठेवते,
आत जाऊ देत नाही.
आणि रक्त देऊन जा,
शिसं आहे का बघू.

'शिसं म्हणजे पेन्सिलीतलं?'
'पेन्सिलीत नसतं ते, नुसतं नावाला.
तुमच्या पुडीत असंल.'

हसू आलं मला. त्यांना नाही आलं.

अजून चार पुड्या घरात आहेत.
नदीत टाकायला गेले होते, मासे आठवले.
चुलीत टाकणार होते, धूर आठवला.
फळीवर ठेवल्यात, पोराचा हात पोचणार नाही अशा.
अज्जाकडं जाऊन भांडावं असंही वाटतं,
पण त्यानं परत हात पुढं केला तर
मी मनगट मागं घेईन का, सांगता येत नाही.

आज परत बस. परत संकेश्वर, परत डोळे.
डॉक्टर लिहितायत, मान खाली,
'बेरे औषध?'
म्हटलं,
होतं.
मराठीत म्हटलं.
पेन थांबला.